माझे पाय सरळ ठेवावेत

मी, भागम्मा भ्र. शिवमूर्ती एकलारे, वय एकाहत्तर वर्षे, धंदा शेती व पिठाची गिरणी, राहणार मौजे सावळदरा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या घरच्या ओसरीत बसून, दिवसाच्या उजेडात लिहीत आहे. माझी शुद्ध जाग्यावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता आणि मुलीचं नाव काय असं विचारलं. मी वार सांगितला, मुलीचं नाव सांगितलं, आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्याच महिन्यावर अडकलंय तेही सांगितलं. मग त्यांनी पुढे काही न विचारता सही केली.

कोणाच्या धाकाने, भुलीने किंवा लालचीने मी हे लिहीत नाही. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असतं, पण माझ्या बाबतीत ते जरा ठासून वाचावं. गेली तेहेतीस वर्षं या गावात माझ्याबद्दल हेच बोललं गेलं, की भागम्माला कोणीतरी भुलवलं, भागम्माला कोणीतरी पैसे चारले. मला कोणी एक छदाम दिलेला नाही. मी ख्रिस्ती आहे. लिंगायताच्या घरात जन्मले, लिंगायताच्या घरात नांदले आणि सन १९९२ साली अडतिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, तो शुद्धीत घेतला.

वकीलसाहेब म्हणाले, आधी मालमत्ता लिहा, अंत्यविधीचं शेवटी लिहा, तशी पद्धत आहे. मी उलटं लिहिणार आहे. घर-जमीन कुठे पळून जात नाही. प्रेत मात्र दोन तासांत उचललं जातं, आणि ते मी एकदा माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

कलम १. माझ्या शरीराबाबत

माझ्या सासरच्या रीतीत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि बसवून पुरतात. मांडी घालून, अंगाला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन. मांडी घालायची तर अंग ताठ व्हायच्या आत घालावी लागते, म्हणून जीव गेल्यागेल्या आधी पाय दुमडतात आणि मग बाकीचं बघतात. ही रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या सासऱ्यांना असंच बसवलं तेव्हा फुलांची परडी मीच धरली होती, आणि म्हातारा फार देखणा दिसत होता. ज्याची त्यावर श्रद्धा आहे त्याला ती शोभते. माझी श्रद्धा दुसरीकडे आहे.

म्हणून लिहून ठेवते की, माझा जीव गेल्याबरोबर पहिलं काम म्हणजे माझे दोन्ही पाय सरळ करून अंगठे पांढऱ्या पट्टीने एकत्र बांधावेत. पट्टी फाडून, धुऊन, माझ्या उशीच्या खोळीत ठेवलेली आहे. डोळे मिटवणं, रडणं, वालूरला आणि राणीसावरगावला माझ्या माहेरी फोन करणं, हे सगळं त्यानंतर. हे काम माझी मुलगी महेश्वरी, वालूरला दिलेली, हिने करावं. ती वेळेत पोचली नाही तर गिरणीवरच्या वैष्णवीने करावं. माझ्या गळ्यात, दंडात किंवा हातात काहीही बांधू नये.

दुसरी अडचण माझ्या पाठीची आहे. मणक्याच्या क्षयाने माझी पाठ कमरेपासून वाकलेली आहे आणि ती मेल्यावरही सरळ होणार नाही. उताणं झोपवलं तर पेटीचं झाकण बसायचं नाही. सुताराने त्यावर डोकं खाजवत बसू नये. मला उजव्या कुशीवर झोपवावं.

ही पाठ मध्ये कशी आली तेही सांगते. माझे दीर बसवेश्वर, यजमानांचे धाकटे भाऊ, आमच्या भाऊकीत आज त्यांचाच शब्द चालतो. दसरा झाल्यावर ते माझ्याकडे आले. चहा घेतला. मग म्हणाले, "वैनी, दादाच्या शेजारची जागा मी राखून ठिवलीय. नऊ वर्षं झाली, कोणाला दिली न्हाई."

मी म्हटलं, "लय उपकार झाले. अट काय हाय?"

"अट कसली. तुमी आमच्या घरच्या. जित्तेपणी काय केलं ते केलं. मेल्यावर आमी लिंग बांधून बसवतो. तुमाला कुठं कळणार हाय?"

"मला कळणार न्हाई म्हणूनच लिहून ठेवायलेय, आप्पा."

ते हसले. वाईट माणूस नाही तो, हट्टी आहे. म्हणाले, "आन तसंबी तुमची पाठ बसायलाच झालीया. झोपवायचं म्हणलं तर माणसं परेशान होतील."

"पस्तीस वर्षं वाकून काढली. आता मला लांब व्हायचंय," मी म्हटलं, आणि कपबश्या उचलल्या.

आता खरं ते लिहिते. यजमानांच्या शेजारची ती जागा मला हवी आहे. पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले, त्याच्या शेजारची माती कोणाला नको असेल? ते गेले त्या हिवाळ्यात एक दिवस उन्हाला बाजेवर बसले होते. मला म्हणाले, "भागा, तू तिथं माझ्याजवळ नसशील ना?" मी ज्वारी निवडत होते. थाप मारता आली असती. मी म्हटलं, "नसेन." ते म्हणाले, "खरं बोललीस, बरं झालं. आता वाट बघणार न्हाई." त्यानंतर मी जी रडले ती आजही कधीकधी रडते. पण जागेची किंमत म्हणून गळ्यात लिंग बांधून घेणार नाही, मेल्यावरही नाही. ज्याचं नाव घेऊन मी तेहेतीस वर्षं शिव्या खाल्ल्या, त्याला शेवटच्या दिवशी चुलीमागे लपवून ठेवू काय?

कलम २. रविकांतबाबत

हे कलम मालमत्तेचं नाही, पण हे वाचल्याशिवाय पहिलं कलम कळायचं नाही.

रविकांत माझा मुलगा. वीस वर्षांचा असताना, १९९६ साली, त्याने स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. उलट म्हटलं होतं, माझ्यापायी तुझं लग्न अडेल, थांब. तो म्हणाला, "माय, तुझं बघून घेतोय, तुझ्यापायी न्हाई." १९९८ साली काविळीने गेला. जिंतूरला नेला, परभणीला नेला. मी जमिनीला कपाळ टेकून प्रार्थना केली, मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बायांनी उपास केले. सकाळी नऊ वाजता घरात, माझ्या मांडीवर गेला.

दहा मिनिटांत भाऊकी जमली. मला बाजूला केलं. मला माहीत होतं आता काय होणार. मला तोंड होतं, आणि माझं तोंड गावाला माहीत आहे. हा माझ्या प्रभूचा आहे, याला झोपवा, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात यजमानांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनीच म्हणाले, आज नको. एकुलता एक पोरगा गेलाय, आज गावात मला एकटं पाडू नकोस. आणि मी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय कोणी दुमडले ते मी बघितलं नाही. गुडघा दाबल्याचा आवाज मात्र ऐकला, तो अजून माझ्या कानात आहे.

गावात त्या दिवशी माझी वाहवा झाली. भागम्मा किती सोशिक, एक शब्द बोलली नाही. चतुराबाई पाटोळे, जिच्यामुळे मी ख्रिस्ती झाले, ती तेवढी संध्याकाळी आली आणि म्हणाली, "तुमी आज भ्यालात, मालकीणबाई." मी तिला घरातून जायला सांगितलं. ती गेली नाही, पाणी तापवलं, मला आंघोळ घातली. ती बरोबर बोलली होती. मी सोसत नव्हते, मी भ्याले होते. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीत बाई गप्पच असते. आत काय चाललंय ते तिलाच कळतं. माझं लेकरू त्याने न निवडलेल्या रीतीने मातीत गेलं, आणि त्याला मी जबाबदार आहे. देव त्याला बसलेला असो की झोपलेला, हाताला धरून उठवील, याची मला खात्री आहे. तरीपण आईचं काम मी केलं नाही.

त्या दिवसानंतर मी कोणाला भ्याले नाही.

कलम ३. जमिनीबाबत

गट नंबर ११७, क्षेत्र एक हेक्टर वीस आर, यजमानांच्या पश्चात वारसाने माझ्या नावे झालेली. ही सगळी जमीन माझ्या पश्चात महेश्वरीची. तिला सोयाबीन लावायचं तर लावावं, कपाशी लावायची तर लावावी, बटईने द्यायची तर द्यावी. जावयांनी सल्ला द्यावा, सही तिची असावी.

यातून विहिरीच्या वरच्या अंगाचे खडकाळ पाच गुंठे मात्र वगळले आहेत. तिथे मला पुरावं. दफनाची परवानगी रीतसर काढली आहे, प्रत सोबत आहे. आणि तिथे पुढेही, ज्या कोणाला जागा मिळत नाही, त्याला जागा द्यावी. २००९ साली चतुराबाई गेली तेव्हा गावात तिला पुरायला हात दोन हात जमीन मिळाली नाही. ज्या बाईने निम्म्या गावाच्या शेतात खुरपलं, तिला टेंपोत घालून पंचवीस किलोमीटर न्यावं लागलं. यजमान तेव्हा होते. त्यांनी आपली जमीन देऊ केली, तर भाऊकीने त्यांना रात्रभर घेराव घातला. पुन्हा असं कोणाचं होऊ नये. ख्रिस्ती असो, मुसलमान असो, ऊसतोडीला आलेला परका मजूर असो, पाच गुंठ्यांत कोणाला जात विचारू नये.

कलम ४. घराबाबत

घर दोन खोल्यांचं, ग्रामपंचायतीच्या नोंदीप्रमाणे माझ्या नावे. तेही महेश्वरीचं. पण पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी प्रार्थना होते ती चालू राहू द्यावी. आज आम्ही सात जण असतो. दोघं उरले तरी खोली उघडावी. एकच उरला तरी किल्ली त्याला द्यावी.

याच खोलीत मी १९८९ साली आठ महिने पालथी पडून होते. पाठीत गळू झालेलं, घाण वास यायचा. क्षय म्हटल्यावर भाऊकीतली एक बाई उंबरा ओलांडेना. यजमान शेतात गेले की दुपारी चतुराबाई यायची. आमच्या शेतात खुरपायला येणारी मांगाची बाई, तोपर्यंत मी तिला पाणीसुद्धा वरून ओतून दिलेलं. तिने माझे कपडे धुतले, पाठ पुसली, आणि मग काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र, म्हणजे बायबल, काढून एकेक अक्षर लावत वाचायची. तिला वाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. एक ओळ वाचायला चहा उकळायचा. मी वैतागून म्हणायचे, आण इकडे, मीच वाचते. अशी मी वाचायला लागले.

लोक विचारतात, तुझ्या देवाने तुला काय दिलं? काही दिलं नाही. पाठ वाकडीच राहिली. लेकरू गेलं. बरी झाले ते सरकारी गोळ्यांनी, दीड वर्षं खाल्ल्या, आणि मी तसंच सांगत आले. बाहेरगावचा एक उपदेशक आला होता, तो भर प्रार्थनेत म्हणाला, या बहिणीची पाठ सरळ झाली नाही कारण हिचा विश्वास कमी पडतो. मी त्याला जेवायला वाढलं, पोटभर वाढलं, आणि म्हटलं, हात धुवा आणि उठा, पुन्हा या घरात बोलायला उभं राहायचं नाही. काहीतरी मिळावं म्हणून मी गेलेच नव्हते. दुखणाऱ्या माणसाला सोडून न जाणारा देव मी चतुराबाईच्या हातात बघितला, आणि त्याला मी पण सोडणार नाही असं ठरवलं. बास, एवढीच माझी साक्ष आहे. हिला ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

कलम ५. गिरणीबाबत

पिठाची गिरणी, मोटार, पट्टा, वजनकाटा, दगडाची एक जोडी चालू आणि एक जोडी शिल्लक, हातोडी आणि दगड टाचायच्या, म्हणजे त्याला खाचा पाडायच्या, दोन टाक्या, हे सगळं वैष्णवी भ्र. माऊली पाटोळे हिला द्यावं. वैष्णवी चतुराबाईची नातसून, वय चौतीस, दोन लेकरांची आई, बारा वर्षं माझ्यासोबत गिरणीवर आहे. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. महेश्वरीने यावर नाराज होऊ नये. तिला पिठाने शिंका येतात.

ही गिरणी मला कोणी हौसेने घालून दिलेली नाही. बाप्तिस्म्यानंतर गावाने आम्हाला वाळीत टाकलं. चतुराबाईच्या घरी मी भाकरी खाल्ली हे प्रार्थनेपेक्षा जास्त झोंबलं. हापशावर माझी घागर मागे सारायचे. दुकानातलं मीठ बंद. आणि गावच्या गिरणीत माझं दळण घेईनात. यजमानांचं घ्यायचे, पण एका चुलीचं दळण दोन कसं होणार? ते डबा घेऊन गेले आणि तसाच परत घेऊन आले, म्हणाले, "तुझं न्हाई तर माझंबी न्हाई." दीड वर्ष मी या पाठीने जात्यावर दळलं. मग पाटल्या विकल्या आणि जुनी गिरणी आणली. म्हणून माझ्या दागिन्यांचं वेगळं कलम या मृत्युपत्रात नाही.

पहिले सहा महिने फक्त चतुराबाईची आळी यायची. मग एकदा गावच्या गिरणीची मोटार जळाली, नेमकी बसवेश्वरच्या मुलीच्या, विजयमालाच्या, लग्नाच्या आधल्या दिवशी. गव्हाची पोती पडलेली. बसवेश्वर स्वतः आले नाहीत, बैलगाडी पाठवली.

वैष्णवी, हे तुला कधी सांगितलं नाही, आता वाच. त्या दिवशी सकाळीच मी दगडाला टाकी लावली होती. दगड टाचल्यावर पहिल्या दळणात बारीक कच येते, हे तुला ठाऊक आहे. तसंच गव्हाला लावलं असतं तर अख्ख्या पंगतीच्या दाताखाली खडे करकरले असते आणि कोणाला माझ्यावर बोटही दाखवता आलं नसतं. माझ्या मनात ते आलं. नुसतं आलं नाही, मी पहिली पाटी उचलून वर ओतायला हातही केला. खूप गोड वाटलं तेव्हा. मग शिव्या देत, स्वतःलाच देत, घरातली माझी ज्वारी आणली, ती आधी दळून उकिरड्यावर टाकली, आणि मग लग्नाचा गहू लावला. पीठ इतकं मऊ निघालं की बायका विचारायला आल्या. तिथून गाव माझ्या गिरणीत यायला लागलं.

तर गिरणीची अट अशी की टाकी लावली की पहिलं दळण आपल्या घरच्या ज्वारीचं, आणि ते टाकून द्यायचं. दुसरी अट, कोणाचंही दळण परत पाठवायचं नाही. भांडण झालेलं असो, त्याने तुला काही बोललेलं असो, त्याच्या आजाने तुझ्या आजेसासूला काही केलेलं असो. डबा आला की दळायचा. एक जरी डबा परत गेला आणि तो दोन साक्षीदारांनी सिद्ध झाला, तर गिरणी महेश्वरीकडे जाईल, शिंका आल्या तरी.

कलम ६. यजमानांच्या पूजेच्या वस्तूंबाबत

विभूतीची पितळी डबी, तांब्या, पूजेचा पाट आणि रुद्राक्षाची माळ. यजमान शेवटपर्यंत पूजा करायचे. सकाळचं पाणी आणि बेल मी आणून द्यायचे, हेही मंडळीतल्या काहींना आवडायचं नाही, त्यांनाही मी विचारून केलं नाही. गेली नऊ वर्षं या वस्तूंवर मी धूळ बसू दिलेली नाही. त्या बसवेश्वरकडे सन्मानाने पोचवाव्यात.

कलम ७. बाकी राहिलेल्या गोष्टी

बँकेच्या पासबुकात जे निघेल त्यातून पेटी आणि खड्डा खांदणाऱ्यांची मजुरी द्यावी. उरेल ते महेश्वरीचं. जेवणावळ घालू नये. माझ्या मरणावर ज्यांना बुंदी खायची इच्छा आहे त्यांनी आपापल्या घरी करून खावी.

ज्यांनी घागर मागे सारली, ज्यांनी रविकांतची सोयरीक मोडली, ज्यांनी चतुराबाईच्या दारात मेलेलं कुत्रं टाकलं, त्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. इथे लिहीत नाही, त्यांची नातवंडं माझ्याकडे दळण घेऊन येतात. माफ केलं आहे. रोज सकाळी उठून नव्याने करावं लागतं, पण केलं आहे. विसरले मात्र नाही, आणि विसरायला मला कोणी सांगूही नये.

कलम ८. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी महेश्वरी आणि जिंतूरच्या मंडळीचे पाळक भारत साळवे या दोघांनी करावी. महेश्वरी आमच्या मंडळीत नाही, तिच्या सासरच्या रीतीने राहते, आणि त्यात माझी तक्रार नाही. तिला मी हे सगळं तोंडी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माय, काका ऐकणार न्हाईत. पन्नास माणसं असतील. मी एकटी काय करू?"

मी म्हटलं, "भांडू नको. रडू नको. माझे पाय धरून बस. तेवढंच कर."

ती म्हणाली, "आन त्यांनी माझा हात काढला तर?"

म्हणून काल मी बसवेश्वरलाच बोलावून घेतलं आणि वरचं सगळं, पहिल्या कलमापासून, त्यांना वाचून दाखवलं. रविकांतचं आलं तेव्हा ते उठून ओसरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, पाठमोरे. गव्हाच्या पाटीचं आलं तेव्हा त्यांनी मान वळवून बघितलं. मी वाचायचं थांबवलं नाही.

संपल्यावर म्हणाले, "मला पटलं न्हाई."

"पटावं म्हणून बोलावलं न्हाई आप्पा. ऐकावं म्हणून बोलावलं."

"भाऊकीत माझं तोंड काळं होईल."

"होईल. माझं तेहेतीस वर्षं झालेलं हाय. धुवायला लागत न्हाई, सवय होती."

मी सांगितलं, कायद्याला दोन साक्षीदार पुरतात आणि ते दोघं उद्या येणार आहेत. तिसऱ्याची जागा मी मोकळी सोडते. तुमी सही केली तर ठीक, न्हाई केली तर ती जागा कोरी राहील आणि वाचणारा विचारील कोरी का. तुमी आलात न आलात, माझा निर्णय हाच आहे. ते चप्पल घालून निघून गेले.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे करणारही नाही, कारण यात बदलण्यासारखं मला काही दिसत नाही. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. पाठ दुखत असल्यामुळे अक्षर काही ठिकाणी तिरकं आलं आहे, ते माझंच समजावं.

ठिकाण : मौजे सावळदरा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

लिहून ठेवणार :
भागम्मा भ्र. शिवमूर्ती एकलारे (सही)

आम्ही खाली सही करणार, भागम्माबाईंनी आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली.

साक्षीदार १ : परमेश्वर सीताराम ढगे, निवृत्त पोस्टमन, सावळदरा (सही)

साक्षीदार २ : सत्यशीला भ्र. दाविद कांबळे, निवृत्त नर्स, जिंतूर (सही)

साक्षीदार ३ : मी बसवेश्वर गुरुलिंगआप्पा एकलारे, वय एकोणसत्तर, सावळदरा. आज न बोलावता आलो. वैनीनी माझ्या समोर वाचलं. कलम १ आन कलम ३ ला माझा विरोध आहे व राहील. दादाच्या शेजारची जागा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, ती तशीच राहील. रविकांतचे पाय मी दुमडले होते. वैनीचे पाय मी सरळ करीन, महेश्वरीचा हात कोणी काढणार नाही. (सही)